शनवार तेली : कोकणचे बेने इस्राएल

अलिबागजवळ नौगावच्या किनाऱ्याशी गलबत फुटले आणि सात पुरुष व सात स्त्रिया तेवढ्या वाचल्या, अशी बेने इस्राएल समाजाची परंपरा सांगते. तेलाचा घाणा हा त्यांचा व्यवसाय. शनिवारी, शब्बाथाच्या दिवशी, घाणा बंद; म्हणून गावाने त्यांना ‘शनवार तेली’ म्हटले. धर्म शनिवारात राहिला. गाव आडनावात आले : पेणकर, रोहेकर, किहीमकर.

1796 साली सॅम्युएल इझिकेल दिवेकर यांनी मुंबईत त्यांचे पहिले सिनेगॉग उभारले. 1874 मध्ये पुण्यात वल्हांडण सणाचा विधिग्रंथ मराठी भाषांतरासह छापला गेला. प्रार्थना हिब्रू, अर्थ मराठी!

1948 नंतर बहुसंख्य समाज इस्राएलला गेला. तेथे विवाहाच्या प्रश्नावर धर्मपीठाने त्यांच्या ज्यूपणाविषयीच शंका घेतली. दीर्घ आंदोलनानंतर 1964 साली तेथील संसदेने ते सर्वार्थाने ज्यू असल्याचा ठराव केला. त्याच भूमीत त्यांनी ‘मायबोली’ हे मराठी नियतकालिकही चालविले.

महाराष्ट्राबाहेर मराठी जपणाऱ्या आपणांस यातून एक गोष्ट उमजावी : मराठी ही कोणा एका धर्माची वा प्रांताची मिरास नाही, जो तिच्यात प्रार्थनेचा अर्थ लावतो, त्याची ती मातृभाषाच होय.