शालेय उपस्थिती व गळती : जुन्नर व आंबेगाव तालुके

शाळेत नाव दाखल झालेल्या मुलाने शिक्षणाचा ठरावीक टप्पा पूर्ण होण्यापूर्वीच शाळा सोडणे, यास ‘गळती’ असे म्हणतात. एकाच इयत्तेत एकापेक्षा अधिक वर्षे राहणे म्हणजे ‘स्थगिती’ होय. पटावरील मुलांपैकी प्रत्यक्ष वर्गात हजर असणाऱ्यांचे प्रमाण म्हणजे उपस्थिती. या तिन्ही संज्ञा परस्परांशी निगडित आहेत. दीर्घ अनुपस्थितीतून अभ्यास मागे पडतो, मागे पडलेले मूल त्याच वर्गात राहते आणि कालांतराने शाळेबाहेर जाते. पुणे जिल्ह्याच्या उत्तरेस असलेल्या जुन्नर व आंबेगाव या दोन तालुक्यांत हा क्रम सह्याद्रीच्या कुशीतील आदिवासी वस्त्यांपासून पूर्वेकडील बागायती गावांपर्यंत निरनिराळ्या रूपांत आढळतो. त्यामुळे महाराष्ट्रातील सार्वजनिक प्राथमिक शिक्षणाच्या इतिहासात या प्रदेशाचे उदाहरण उद्‌बोधक ठरते.

प्रदेश व लोकजीवन : २०११ च्या जनगणनेनुसार जुन्नर तालुक्याची लोकसंख्या सु. ४ लाख व आंबेगावची सु. २·३५ लाख होती. आंबेगाव तालुक्याचे मुख्य ठाणे घोडेगाव होय. दोन्ही तालुक्यांचा पश्चिम भाग डोंगराळ व अतिपावसाचा असून तेथे महादेव कोळी, ठाकर व कातकरी या जमातींची वस्ती आहे. १९८५ च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने आंबेगावातील ५६ व जुन्नरमधील ६५ गावे अनुसूचित क्षेत्रात समाविष्ट झाली. भात, नाचणी व वरई ही येथील पिके असून हिरड्याची गोळाबेरीज हे रोख उत्पन्नाचे प्रमुख साधन आहे. याउलट नारायणगाव, ओतूर, मंचर या पूर्वेकडील पट्ट्यात कुकडी प्रकल्पाच्या धरणांमुळे ऊस, द्राक्षे, टोमॅटो, कांदा व बटाटा यांची बागायत वाढली. श्री विघ्नहर व भीमाशंकर हे सहकारी साखर कारखाने याच भागात आहेत. पाणी पश्चिमेस साठते आणि शेती पूर्वेस पिकते. या विषमतेचा ठसा शाळांच्या हजेरीपटावरही उमटलेला दिसतो.

ऐतिहासिक पार्श्वभूमी : मुंबई इलाख्यात एकोणिसाव्या शतकात सरकारी मराठी शाळा निघाल्या, तथापि त्यांचा लाभ प्रामुख्याने मोठ्या गावांतील व वरच्या थरांतील मुलांना मिळाला. १८८२ साली हंटर आयोगापुढे सादर केलेल्या निवेदनात महात्मा जोतीराव फुले यांनी या विसंगतीवर नेमके बोट ठेवले. सरकारी महसुलाचा मोठा भार रयतेवर असूनही तिच्या शिक्षणावर अल्प खर्च होतो, असे सांगून त्यांनी निदान वयाच्या बाराव्या वर्षापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे, अशी मागणी केली. मागासलेल्या वर्गांतील मुलांना शाळेकडे आकृष्ट करण्यासाठी शिष्यवृत्त्या व बक्षिसे द्यावीत, ही त्यांची सूचनाही महत्त्वाची आहे. मूल शाळेत न येण्यास केवळ पालकांची अनास्था कारणीभूत नसून घरची गरज कारणीभूत आहे, हे तीत गृहीत धरलेले होते.

गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९११ मध्ये मांडलेले सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे विधेयक पुढील वर्षी फेटाळले गेले. त्यानंतर विठ्ठलभाई पटेल यांच्या प्रयत्नाने १९१८ चा मुंबई प्राथमिक शिक्षण अधिनियम संमत झाला. तो नगरपालिकांपुरता होता. १९२३ च्या अधिनियमाने लोकल बोर्डांकडे प्राथमिक शिक्षणाची जबाबदारी आली आणि १९४७ च्या अधिनियमाने सक्तीच्या शिक्षणाची व्यापक तरतूद केली. परंतु सक्ती प्रथम मोठ्या गावांतच परिणामकारक होऊ शकली. विखुरलेल्या वाड्या-पाड्यांत शाळाच नसल्याने सक्तीचा कायदा तेथे निरर्थक होता. महाराष्ट्र जिल्हा परिषद व पंचायत समिती अधिनियम, १९६१ अन्वये १९६२ मध्ये जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या व प्राथमिक शाळांचे व्यवस्थापन त्यांच्याकडे गेले. पुढील दोन दशकांत एकशिक्षकी व द्विशिक्षकी शाळांचे जाळे पश्चिमेकडील गावांपर्यंत पोहोचले.

गळतीचे मोजमाप : गळती व स्थगिती या संकल्पना भारतात रूढ झाल्या त्या हार्टोग समितीच्या १९२९ च्या अहवालामुळे. १९२२-२३ मध्ये पहिलीत असलेल्या दर शंभर मुलांमागे १९२५-२६ मध्ये केवळ अठरा मुले चौथीत होती, असे समितीने दाखविले. महाराष्ट्रात या प्रश्नाचा क्षेत्रीय अभ्यास पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेतील धनंजयराव गाडगीळ व वि. म. दांडेकर यांनी सातारा जिल्ह्यात केला व त्याचे निष्कर्ष १९५५ साली प्रसिद्ध झाले. कोठारी आयोगाने (१९६४–६६) प्राथमिक स्तरावरील गळती मुलांमध्ये सु. ५६ टक्के व मुलींमध्ये सु. ६२ टक्के असल्याचे नमूद केले. या आयोगाचे सदस्य-सचिव जे. पी. नाईक होते. पुढे पुण्यातील भारतीय शिक्षण संस्थेतर्फे चित्रा नाईक यांनी १९७९ पासून पुणे जिल्ह्याच्या ग्रामीण भागात शाळाबाह्य मुलामुलींसाठी अनौपचारिक शिक्षणाचा प्रकल्प राबविला. दिवसा गुरे राखणाऱ्या वा भावंडे सांभाळणाऱ्या मुलांसाठी सायंकाळी वर्ग भरविणे, हे त्याचे वैशिष्ट्य होते. मुलाने शाळेच्या वेळापत्रकाशी जुळवून घेण्याऐवजी शाळेने मुलाच्या दिनक्रमाशी जुळवून घ्यावे, हा विचार त्यामागे होता.

पहिलीच्या पटाची तीन वर्षांनंतरच्या चौथीच्या पटाशी तुलना करण्याची पद्धत सोपी असली, तरी सदोष आहे. एका शाळेतून दुसऱ्या शाळेत गेलेले मूल तीत गळालेले ठरते. जुन्नर-आंबेगावच्या पूर्व भागात अनेक मुले जिल्हा परिषदेच्या शाळेतून खासगी इंग्रजी माध्यमाच्या शाळांत जातात, तर पश्चिम भागातील मुले आश्रमशाळांत जातात. दोन्ही ठिकाणी गावच्या शाळेचा पट घटतो. परंतु त्यास गळती म्हणता येत नाही. उलट कामासाठी आईबापांबरोबर गेलेल्या मुलाचे नाव मूळ गावच्या पटावर कायम असते आणि वस्तुतः ते कोणत्याच शाळेत नसते. अशा मुलाची नोंद गळतीत होत नाही.

सरासरी उपस्थितीच्या आकड्यासही अशीच मर्यादा आहे. समजा, वर्षातील २०० दिवसांपैकी दोन मुले प्रत्येकी ५० दिवस गैरहजर राहिली. दोघांचीही उपस्थिती ७५ टक्के भरते. मात्र एकाने आठवड्यातून एखाद-दुसरा दिवस बुडविला आणि दुसरा सलग दोन महिने आला नाही, तर दोघांच्या शिक्षणाची स्थिती सारखी राहत नाही. सलग गैरहजर राहिलेल्या मुलाचा वाचन-गणिताचा संपूर्ण टप्पाच हुकतो आणि तो भरून काढण्याची सोय शाळेत सहसा नसते. गळतीची खरी सुरुवात अशा सलग अनुपस्थितीत असते.

ऋतुमान व अनुपस्थिती : शालेय वर्ष जूनमध्ये सुरू होते. पश्चिम भागात जुलैत भाताची लावणी असते. मोठी माणसे खाचरात असताना लहान भावंडे व गुरे सांभाळण्याचे काम मोठ्या मुलांवर, विशेषतः मुलींवर, येते. याच काळात मुसळधार पावसाने ओढे दुथडी भरून वाहतात व दूरच्या वाड्यांतील मुलांची वाट बंद होते. पावसाळा संपल्यावर भाताची कापणी व झोडणी येते. वार्षिक परीक्षेच्या सुमारास, म्हणजे मार्च-एप्रिलमध्ये, बाळहिरडा गोळा करण्याची धांदल असते. हिरड्याचे पैसे घरच्या वर्षभराच्या किराणा-कापडाची सोय करणारे असल्याने त्या दिवसांत घरातील प्रत्येक हात मोलाचा असतो. भाताचे काम आटोपल्यावर अनेक कुटुंबे मजुरीसाठी नारायणगाव-मंचर परिसरातील शेतमळ्यांकडे उतरतात. काही कुटुंबांना, त्यांत कातकरी विशेष, वीटभट्ट्यांवरही जावे लागते.

पूर्व भागात प्रवाह उलट दिशेचा आहे. गळीत हंगामात मराठवाड्यातून व अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यातून ऊसतोडणी कामगारांची बिऱ्हाडे येतात. हंगाम साधारणतः ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत चालतो, म्हणजे शालेय वर्षाचा निम्मा काळ त्यात जातो. या मुलांसाठी १९९० नंतरच्या काळात साखरशाळांचा प्रयोग झाला. पुढे मुलांना मूळ गावीच ठेवणाऱ्या हंगामी वसतिगृहांची योजना आली. स्थलांतरित मुलास कोणत्याही शाळेत तत्काळ प्रवेश मिळावा, म्हणून शिक्षण हमी पत्रकाची पद्धतही सुरू झाली. तथापि फडाशेजारच्या कोपीतून गावच्या शाळेपर्यंतचे अंतर, पालकांची पहाटेपासूनची तोड व धाकट्या भावंडांची जबाबदारी ही कारणे पत्रकाने दूर होत नाहीत. जुन्नर वनविभागातील उसाच्या क्षेत्रात बिबट्यांचा वावर वाढल्याने पायी शाळेत जाणाऱ्या मुलांच्या सुरक्षिततेचा नवा प्रश्नही उभा राहिला आहे.

धरणे व आपत्ती : घोड नदीवरील डिंभे धरणाच्या जलाशयाखाली जुने आंबेगाव व आसपासची गावे गेली. विस्थापितांपैकी काही कुटुंबे जलाशयाच्या वरच्या उतारांवर राहिली. जुन्या पायवाटा पाण्याखाली गेल्याने त्यांच्या मुलांचा शाळेचा मार्ग लांबला. ३० जुलै २०१४ रोजी माळीण (ता. आंबेगाव) येथे दरड कोसळून दीडशेहून अधिक लोक मृत्युमुखी पडले, त्यांत शाळकरी मुलांचाही समावेश होता. पुनर्वसित गावाचे लोकार्पण एप्रिल २०१७ मध्ये झाले.

उपाययोजना व परिणाम : आदिवासी भागासाठी निवासी आश्रमशाळा हा राज्याचा प्रमुख उपाय होय. १९७२-७३ पासून क्षेत्रविकासाच्या दृष्टिकोनातून शासकीय आश्रमशाळांचा विस्तार झाला. गोहे, आसाणे, तेरुंगण (ता. आंबेगाव), सोनावळे (ता. जुन्नर) इ. ठिकाणच्या शाळा घोडेगाव येथील एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पाच्या अधिपत्याखाली चालतात. निवास व भोजन यांमुळे स्थलांतराच्या काळातही मुलाचे शिक्षण चालू राहते, हा त्यांचा मोठा लाभ. मात्र दिवाळी, होळी वा गावची जत्रा यांसाठी घरी गेलेली मुले उशिरा परततात वा परतत नाहीत, ही तेथील गळतीची परिचित रीत आहे.

आर्थिक प्रोत्साहनाच्या योजनांत ३ जानेवारी १९९२ पासूनचा उपस्थिती भत्ता उल्लेखनीय होय. दारिद्र्यरेषेखालील अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती व भटक्या-विमुक्त जमातींतील पहिली ते चौथीच्या मुलींना ७५ टक्के उपस्थितीच्या अटीवर दिवसाला एक रुपया देण्याची ती योजना होती. १५ ऑगस्ट १९९५ पासूनच्या राष्ट्रीय पोषण आहार कार्यक्रमात ८० टक्के उपस्थिती असणाऱ्या मुलास दरमहा तीन किलो धान्य मिळत असे. अशा अटींमुळे हजेरीपट हा केवळ शिक्षणाचा दस्तऐवज न राहता शिधापत्रिकेसारखा झाला. गरजू घरच्या मुलाची गैरहजेरी मांडणे म्हणजे त्याचा घास काढणे, असा पेच शिक्षकापुढे निर्माण झाला. सर्वोच्च न्यायालयाच्या नोव्हेंबर २००१ च्या आदेशानंतर शिजविलेले अन्न शाळेतच देण्यात येऊ लागले. जेवणासाठी त्या दिवशी हजर असणे पुरेसे ठरल्याने हा पेच बराचसा सुटला.

२०००-०१ मध्ये सुरू झालेल्या वस्तीशाळांनी लहान वाड्यांतील मुलांचे अंतर कमी केले. त्यांतील पुष्कळ शाळा पुढे नियमित झाल्या. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम १ एप्रिल २०१० रोजी अंमलात आला. त्यातील मूळ तरतुदीनुसार आठवीपर्यंत कोणासही नापास करता येत नसल्याने स्थगिती कागदोपत्री नाहीशी झाली. पण वाचता न येणारी मुले वरच्या वर्गांत आढळू लागल्याने तीच वेगळ्या रूपात प्रकट झाली. २०१९ च्या दुरुस्तीनंतर महाराष्ट्राने २०२३ मध्ये पाचवी व आठवीसाठी वार्षिक परीक्षेची तरतूद पुन्हा केली. पटावरील व प्रत्यक्ष संख्येतील तफावत शोधण्यासाठी ऑक्टोबर २०११ मध्ये राज्यभर झालेली पटपडताळणी आणि ४ जुलै २०१५ रोजीचे शाळाबाह्य मुलांचे सर्वेक्षण हे या काळातील महत्त्वाचे प्रयत्न होत.

सद्यःस्थिती : नावनोंदणीचा प्रश्न आता बहुतांशी सुटला आहे. २०१८ च्या ‘असर’ पाहणीनुसार ग्रामीण महाराष्ट्रात ६ ते १४ वयोगटातील शाळाबाह्य मुलांचे प्रमाण १ टक्क्याहून कमी होते. गळतीचे केंद्र मात्र वर सरकले आहे. पूर्वी मुले पहिली-दुसरीतच शाळा सोडत. आता चौथी-पाचवीनंतर गावाबाहेर जाण्याची वेळ आली असता, आठवीनंतर आणि दहावीच्या उंबरठ्यावर धोका अधिक असतो. माध्यमिक शाळा दूर असल्यास मुलींचे शिक्षण प्रथम थांबते. २०२० मधील कोव्हिड साथीमुळे शाळा दीर्घकाळ बंद राहिल्या. दूरध्वनीचे जाळे विरळ असलेल्या डोंगरी गावांत त्याची झळ अधिक बसली.

दुसरा प्रश्न कमी पटाच्या शाळांचा आहे. डिसेंबर २०१७ मध्ये दहापेक्षा कमी विद्यार्थी असलेल्या सु. १,३०० शाळा जवळच्या शाळांत विलीन करण्याचा निर्णय राज्य शासनाने जाहीर केला. २०२३ मध्ये वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांऐवजी समूहशाळांची कल्पना पुढे आली. मोठ्या शाळेत विषयवार शिक्षक, ग्रंथालय व सवंगडी मिळतात, हे त्यामागील समर्थन आहे. पण सह्याद्रीच्या उतारावर एक किलोमीटर अंतर नकाशावर दिसते तेवढेच नसते. मध्ये ओढा, घाट वा जलाशय असतो. जुन्नर-आंबेगावच्या पश्चिम भागात शाळा वस्तीपर्यंत पोहोचल्यावरच मुले शाळेत टिकू लागली. तेथील लहान शाळा बंद करावयाची झाल्यास वाहतुकीची हमी, पावसाळ्यातील निवासाची सोय आणि भातलावणी व हिरड्याच्या हंगामाशी जुळणारे सुट्यांचे वेळापत्रक या गोष्टी आधी व्हावयास हव्यात. अन्यथा पटावरील संख्या एका शाळेतून दुसऱ्या शाळेत जाईल. मूल मात्र वाटेतच राहील.