डाळीचं माप

आम्ही पुनावळ्याच्या बायका आज पुन्हा स्वयंपाकघराविषयीच बोलणार आहोत. कृती अगदी थोड्या सांगू. आज बोलायचंय ते ताटाच्या इतिहासावर.

त्याला कारणही तसंच आहे. खोलीभाडं, गॅस, मुलांची फी, रिक्षाचे पैसे एवढं भागवलं की उरेल त्यात किराणा बसवायचा असतो. ओढाताण झाली की पहिली कात्री दुधाला लागते, मग अंड्यांना. तुपाचं तर नावच नको. असं ताट वाढताना आपण मनातून खजील होतो. दुसरीकडे आपल्याच भागातल्या उंच इमारतींमधल्या काही मुली दूध, दही, तूप, अंडी, मध हे सगळं आपण होऊन सोडतात आणि त्याला ‘वीगन’ म्हणतात. हा शब्द १९४४ साली इंग्लंडमध्ये डोनाल्ड वॉटसन आणि त्यांच्या सोबत्यांनी काढला. प्राण्यांना त्रास नको, हा त्यामागचा विचार. आपलं ताट तसं झालं ते विचारातून नव्हे, पैशातून. पण प्रश्न दोघींनाही एकच पडतो: एवढ्यावर माणूस धडधाकट राहतो का?

याचं उत्तर आपल्याच मुलखाच्या इतिहासात मिळतं.

पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी १९६८ पासून पुढे बरीच वर्षं तिथं उत्खनन केलं. साधारण साडेतीन हजार वर्षांपूर्वीची मातीची घरं, चुली, धान्याचे पेव असं बरंच काही हाती लागलं. जळून कोळसा झालेले दाणेही मिळाले. त्यात सातू होता, गहू होता आणि सोबत मसूर, वाटाणा, वाल आणि हुलगा होता. ती माणसं मांसही खात, तशी हाडं तिथं सापडली आहेत. म्हणजे आपले पूर्वज शुद्ध शाकाहारी होते, असं काही आम्ही म्हणत नाही. सांगायचं एवढंच की धान्य आणि कडधान्य ही जोडी या मातीत तेव्हापासून आहे.

बाकी ताटातलं पुष्कळसं बाहेरून आलेलं. ज्वारी-बाजरी मूळच्या आफ्रिकेतल्या. मिरची, शेंगदाणा, बटाटा, टोमॅटो अमेरिका खंडातले, गेल्या चार-पाचशे वर्षांत आलेले. म्हणजे ठेचा आणि शेंगदाण्याची चटणी इनामगावच्या बाईला माहीतच नव्हती. पण हुलग्याचं कालवण दिलं असतं तर तिनं नक्की ओळखलं असतं.

ही जोडी टिकली, कारण ती एकमेकांची उणीव भरून काढते. शरीराला प्रथिनं लागतात आणि प्रथिनं बनतात अनेक घटकांची. त्यातला लायसिन नावाचा घटक ज्वारी, गहू, तांदळात कमी असतो आणि डाळी-कडधान्यांत भरपूर. उलट डाळींत जे कमी, ते धान्यात असतं. पिठलं-भाकरी, आमटी-भात, उसळ-भाकरी या जोड्या कुणी पुस्तक वाचून लावल्या नाहीत, पण त्या बरोबर लागल्या. दूध नसलं तरी हे ताट बऱ्यापैकी उभं राहतं. डाळ गेली, की मात्र ते बसतं. आणि डाळ गेली, असं आपल्याकडे पुन्हा पुन्हा झालं आहे.

१६३० च्या सुमाराचा दुष्काळ घ्या. इथून जवळच देहू आहे. तुकाराम महाराजांचं घर वाण्याचं, दुकान असलेलं, गावात मान असलेलं. तरी त्या दुष्काळात त्यांची पहिली पत्नी अन्नाविना गेली. ज्यांच्या घरी धान्याचा व्यापार त्यांची ही गत, मग मजुराच्या घरात काय झालं असेल?

पुढचा मोठा दुष्काळ १८७६ ते १८७८ चा. तेव्हा सरकार इंग्रजांचं. दुष्काळी कामांवर खडी फोडणाऱ्या, माती वाहणाऱ्या माणसाला जगायला किती धान्य पुरतं, याचा हिशेब तेव्हा कागदावर मांडला गेला. सर रिचर्ड टेंपल या अधिकाऱ्यानं ठरवलं की पुरुषाला दिवसाला एक पौंड, म्हणजे साधारण ४५० ग्रॅम धान्य आणि वर थोडे पैसे पुरेत. बाईला आणि कामावरच्या मुलाला त्याहून कमी. मुंबई इलाख्यात, म्हणजे आपल्याकडे, हे माप लागू झालं तेव्हा हजारो मजुरांनी काम सोडलं. पुण्याच्या सार्वजनिक सभेनं त्यांची बाजू सरकारपुढे मांडली.

मद्रास इलाख्यात डॉ. कॉर्निश नावाचे आरोग्य अधिकारी होते. त्यांनी टेंपलसाहेबांना विरोध केला. त्यांचं म्हणणं असं की मेहनतीच्या माणसाला दीड पौंड, म्हणजे ६८० ग्रॅम धान्य हवं आणि नुसतं धान्य देऊन भागणार नाही, सोबत डाळ आणि भाजीपाला हवा. बरीच वादावादी झाली. शेवटी मार्च १८७७ मध्ये मद्रास सरकारनं माप वाढवून ५७० ग्रॅम धान्य केलं आणि त्यासोबत ४३ ग्रॅम डाळ दिली. तोवर असंख्य माणसं दगावली होती.

मैत्रिणींनो, ही ४३ ग्रॅम डाळ लक्षात ठेवा. तिच्याकडे आपण परत येणार आहोत.

आता आपल्या आई-आजीच्या आठवणीतला १९७२ चा दुष्काळ. १९७३ च्या उन्हाळ्यात महाराष्ट्रात दुष्काळी कामांवर पन्नास लाखांच्या आसपास माणसं होती आणि त्यांत बायका पुष्कळ. यातूनच रोजगार हमी योजना उभी राहिली. रेशनवर परदेशातून आलेली तांबडी मिलो ज्वारी मिळायची आणि कामावर सुकडी वाटली जायची. त्या ज्वारीची भाकरी आवडली, असं सांगणारी बाई आम्हाला अजून भेटायची आहे. पण त्या धान्यानं जीव वाचले, हेही खरं.

त्याच सुमाराला मुंबईत मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर आणि त्यांच्यासोबतच्या बायकांनी महागाई प्रतिकार समिती उभारली. हजारो बायका हातात लाटणं आणि थाळी घेऊन रस्त्यावर आल्या. तेल, साखर, धान्य रास्त भावात मिळालं पाहिजे, ही त्यांची मागणी. किराण्याची यादी हा घरातल्या बाईच्या काटकसरीचा खाजगी मामला नसून सरकारला जाब विचारण्याचा विषय आहे, हे त्या लाटणं मोर्चानं दाखवून दिलं.

मुंबईच्याच गिरणगावात आणखी एक गोष्ट घडत होती. कोकणातून, घाटावरून आलेल्या गिरणी कामगारांना जेवू घालायचं काम खानावळवाल्या बायका करत. दोन खणांच्या खोलीत वीस-वीस माणसांचा स्वयंपाक. किराणा उधारीवर, व्याज सावकाराचं. १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी या बायकांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं आणि त्यांना बँकेचं कर्ज मिळवून दिलं. सावकार सुटला तसा बायकांच्या हाती चार पैसे राहू लागले.

ही गोष्ट आम्हाला फार जवळची वाटते. आपला पट्टाही कामगारांच्या जिवावर उभा राहिला. पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स १९५४ मध्ये आली, पुढे एमआयडीसी आली, मोटारींचे कारखाने आले, नंतर चाकण झालं, हिंजवडी झाली. पुनावळे १९९७ मध्ये महापालिकेत आलं. जिथं शेतं होती तिथं आता इमारती आहेत आणि त्यांच्या आडोशाला पत्र्याच्या खोल्या. विदर्भातून, मराठवाड्यातून, उत्तरेकडून आलेली मुलं तिथं चार-पाच जण मिळून राहतात. त्यांचे डबे आपल्यापैकी कितीतरी जणी करतात. शेत होतं तेव्हा बांधावर तूर असायची, परसात वालाचा वेल. ते गेलं आणि डाळ पूर्णपणे दुकानाच्या भावावर आली.

सरकारनंही स्वस्त जेवणाचे प्रयोग केले. १९९५ मध्ये एक रुपयात झुणका-भाकर मिळू लागली. ती योजना काही वर्षांनी बंद पडली, पण त्या ताटाची निवड चांगली होती. झुणका म्हणजे हरभऱ्याच्या डाळीचं पीठ. २६ जानेवारी २०२० ला शिवभोजन थाळी सुरू झाली, तीही दहा रुपयांत: दोन चपात्या, भाजी, भात आणि वरण. दोन्ही ताटांत दुधाचा थेंब नाही, पण डाळ आहे.

रेशनच्या पिशवीत मात्र ती नसते. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्यानं माणशी महिना पाच किलो धान्य मिळतं, म्हणजे गहू-तांदूळ. २०२० च्या टाळेबंदीत काही महिने कुटुंबामागे एक किलो डाळ किंवा हरभरा दिला गेला. सणासुदीला आनंदाचा शिधा आला त्यातही हरभरा डाळ होती. पण दर महिन्याच्या हक्काच्या मापात धान्यच आहे. टेंपलसाहेब आणि कॉर्निशसाहेब यांचं भांडण अजून मिटलेलं नाही, असंच म्हणायचं.

आता ती ४३ ग्रॅम डाळ. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०२४ मध्ये सांगितलेल्या ताटात मोठ्या माणसाला दिवसाला सुमारे ८५ ग्रॅम डाळी-कडधान्यं आहेत. दुष्काळातल्या मापाच्या जवळजवळ दुप्पट. चार मोठ्या माणसांच्या घरात हा हिशेब महिन्याला दहा किलोच्या वर जातो. आपल्या यादीत किती किलो लिहिलेली असते, ते आज संध्याकाळी बघा. बघितल्यावर कुणीही दचकेल. म्हणून आमचं म्हणणं असं की कात्री लावायचीच असेल तर ती बिस्किटांच्या पुड्याला, फरसाणाला, पाकिटातल्या नूडल्सना लावा. डाळीला लावू नका.

नुसती तूर घेतली तर खर्च झेपत नाही. हरभरा आणि मसूर बहुतेक वेळा तुरीपेक्षा स्वस्त पडतात. हुलगा, चवळी, वाटाणा, मटकी आलटून पालटून आणा. रात्री भिजत घातलं की सकाळी गॅस कमी जळतो, मोड काढले तर आणखी बरं. हुलग्याच्या पिठाची शेंगोळी एका भांड्यात होतात आणि सगळ्यांचं पोट भरतात. बेसनाचं पिठलं तर दहा मिनिटांचं काम. सोयाबीनच्या वड्यांत वजनाच्या साधारण निम्मी प्रथिनं असतात. शेंगदाण्याचा कूट भाजीत घातला की तेल कमी लागतं. पालेभाजीवर लिंबू पिळा, त्यानं लोह अंगी लागतं. जेवणाला लागून चहा घेतला तर तेच लोह वाया जातं.

दोन गोष्टी मात्र डाळीनं भागत नाहीत. दूध नसेल तर कॅल्शियमसाठी नाचणी, तीळ, राजगिरा आठवड्यात हवेतच. दुसरं म्हणजे बी-१२ हे जीवनसत्त्व. ते वनस्पतीजन्य अन्नातून भरवशानं मिळत नाही. दूध, अंडी, मांस-मासे काहीच पोटात जात नसेल तर डॉक्टरांना विचारून गोळी घ्यायला हवी. गरोदर बाई, अंगावर पाजणारी बाई आणि लहान मूल यांच्याबाबतीत तर यात हयगय नकोच. आणि ज्यांच्या घरी कधीमधी अंडं, सुकट, मटण होतं त्यांनी ते लपवायचं काही कारण नाही. शाहू पाटोळे यांनी ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ या पुस्तकात दाखवलंच आहे की गरिबाच्या चुलीवर काय शिजलं आणि त्याला नावं कुणी ठेवली.

शेवटची गोष्ट. टेंपलसाहेबांनी बाईचं माप पुरुषाच्या खाली ठेवलं, ते आपण अन्याय म्हणून वाचतो. पण रात्री सगळ्यांची जेवणं झाल्यावर पातेल्यात वरचं पाणी उरतं आणि डाळ संपलेली असते, तेव्हा आपण स्वतःला त्याहून कमी मापात बसवतो. ते माप कुठल्या साहेबानं ठरवलेलं नाही. आजपासून डाळ वाढताना पळी तळापर्यंत घाला, आणि आपली वाटी सगळ्यांच्या वाट्यांबरोबरच भरून ठेवा. पुढच्या वेळी भेटू तेव्हा हुलगा निवडण्यापासून सुरुवात करू. नमस्कार.