सहीबरोबर आलेला विमा

कर्ज घेताना बँक दाखवील तिथे आपण सही करतो. ब्रिटनमध्ये मुख्यतः १९९० ते २०१० या काळात अशा सह्यांबरोबर पी.पी.आय., म्हणजे आजारपणात किंवा नोकरी गेल्यास हप्ते भरणारा विमा, लाखोंच्या गळ्यात मारला गेला. स्वतःचा धंदा करणाऱ्यांनाही तो विकला. त्यांना नोकरी जाण्याचे कलम बहुधा लागूच होत नसे. एप्रिल २०११ मध्ये बँका हायकोर्टात हरल्या आणि भरपाईला वेग आला. २९ ऑगस्ट २०१९ ला तक्रारींची मुदत संपली. एकंदर ३८ अब्ज पौंडांहून अधिक रक्कम परत मिळाली. तक्रार फुकट करता येत होती, तरी अनेकांनी मध्यस्थांना वाटा दिला. म्हणून सही करण्यापूर्वी आपण एवढे विचारू या: हे घेतलेच पाहिजे का?