महारोहिणी आणि तिची फांदी

इ. स. १८१७ च्या जून महिन्यांत लंडनच्या गाय इस्पितळांत एक अडतीस वर्षांचा हमाल मृत्युशय्येवर पडला होता. त्याच्या डाव्या जांघेंतील रोहिणीला आलेला फुगा फुटला होता व रक्त थांबत नव्हतें. अ‍ॅस्टली कूपर या नामांकित शस्त्रवैद्यानें त्याचें पोट उघडलें, बोटानें चांचपडत कण्यालगतची महारोहिणी शोधली आणि तिच्याभोंवतीं दोरा आवळला. भूल देण्याची विद्या अजून तीस वर्षें दूर होती! रोगी सुमारें चाळीस तास जगला. त्या धाडसाचें कौतुक वैद्यकाच्या इतिहासांत पुष्कळ झालें आहे; मला मात्र त्यामागील विचार अधिक लक्षांत घेण्यासारखा वाटतो. पाट फुटला आणि दुरुस्त होत नाहीं, तर तो बुजवून टाकावा, हा तो विचार.

हृदयांतून निघालेला हा पाट बेंबीच्या सुमारास दुभंगतो. प्रत्येक शाखेला पुन्हां दोन फांद्या फुटतात. बाहेरची पायाकडे जाते, आंतली कुल्ल्यांना व ओटीपोटांतील इंद्रियांना रक्त पुरविते. पोटांतील महारोहिणीची रुंदी सुमारें दोन सेंटिमीटर असते. पुरुषांत ती साडेपांचावर गेली, कीं फुटण्याच्या भयानें उपाय योजितात.

बुजविण्याच्या मार्गानें यश आलें, पण फार उशिरां. १९२३ सालीं न्यू ऑर्लिन्सच्या रुडॉल्फ मातास यांनीं महारोहिणी बांधूनहि रोगी जगविला. १९४८ सालीं आइन्स्टाइनच्या फुग्याभोंवतीं रुडॉल्फ निसेन यांनीं चक्क सेलोफेन गुंडाळलें. त्याच्या दाहानें भोंवतीं चिवट कवच धरावें, ही कल्पना. त्यावर तो महापुरुष सहा वर्षांहून अधिक जगला. १९५५ च्या एप्रिलांत फुगा फुटला, तेव्हां त्यानें शस्त्रक्रिया नाकारली. वास्तविक पॅरिसमध्यें शार्ल द्युबोस्त यांनीं १९५१ सालींच रोगट भाग काढून मृताची रोहिणी तेथें जोडली होती, आणि अमेरिकेंत मायकेल डीबेकी यांनीं पत्नीच्या शिवणयंत्रावर डॅक्रॉन कापडाच्या नळ्या शिवल्या होत्या.

पुढची मजल पोट न फाडतां आंतून अस्तर लावण्याची. खार्किव्ह येथें निकोलाय व्होलोदोस यांनीं १९८७ सालीं छातींतील महारोहिणींत जांघेवाटे अशी नळी बसविली. परंतु तें वृत्त रशियन भाषेंत राहिलें व पश्चिमेकडे त्याची फारशी दाद लागली नाहीं. इंग्रजींत नाहीं तें घडलेंच नाहीं, असें मानणाऱ्या आम्हां पदवीधरांना हा एक टोलाच आहे. १९९० सालीं ब्वेनोस आयरेसमध्यें हुआन पारोदी यांनीं पोटांतील फुग्यावर हाच उपाय केला, आणि त्याचा मात्र जगभर गाजावाजा झाला.

पण कूपरचा विचार एका कोपऱ्यांत टिकून होताच. फुगा खालच्या शाखेंत उतरला असला, तर अस्तराचें टोंक बाहेरच्या फांदींत निरोगी जागीं टेकवावें लागतें. मग आंतल्या फांदीचें तोंड मिटतें. उलट रक्त येऊं नये म्हणून ती तारेच्या वेटोळ्यांनीं मुद्दाम बुजवीतहि. माझ्या एका वृद्ध स्नेह्यांचा जीव असाच वाचला. नंतर मात्र शंभर पावलांवर कुल्ल्यांत कळ येऊन त्यांना कठड्याला टेकावें लागे. सकाळचें फिरणें सुटलें, आणि त्याबरोबर त्यांचें मित्रमंडळहि. कित्येकांची ही कळ कांहीं महिन्यांत ओसरते. त्यांची ओसरली नाहीं. कित्येक पुरुषांचें वैवाहिक सुखहि जातें. क्वचित् आंतड्यांवर बेततें. "जीव राहिला ना?" या प्रश्नाखालीं अशीं दुःखें फार दिवस दडपलीं गेलीं.

या शतकाच्या आरंभीं यावर उपाय निघाला, तो बाजूला फांटा असलेला स्टेंट. मुख्य नळी जांघेवाटे चढवून तिचा फांटा आंतल्या फांदीच्या मुखाशीं आणतात, आणि मग त्यांतून दुसरी लहान नळी फांदींत सरकवितात. फुगा मिटतो, पण फांदी वाहती राहते. अमेरिकेंत अशा एका उपकरणाला २०१६ सालीं सरकारी मान्यता मिळाली. अर्थात् खर्च मोठा, आणि नळीच्या कडेनें रक्त झिरपतें कीं काय हें पाहण्यासाठीं जन्मभर तपासणी चुकत नाहीं. शिवाय फांदी फार अरुंद, वांकडी किंवा स्वतःच फुगलेली असली, तर हा फांटा नीट बसत नाहीं. अशा कित्येकांना अजूनहि पोट उघडून डॅक्रॉनच शिवून घ्यावें लागतें.