टी.टी.ची कुळकथा

पूर्व आणि पश्चिम या दिशा दादरला रेल्वेच्या फलकांवर सापडतात. जुना दादरकर मात्र ‘टी.टी.ला उतर’ म्हणतो, नाहीतर ‘बी.बी.च्या बाजूने ये’. दुकानांच्या पाट्या, दवाखान्यांचे फलक, लग्नपत्रिकांतले पत्ते, सगळीकडे ही दोन अक्षरे दिसतात. टी.टी. म्हणजे रेल्वेतला तिकीट तपासनीस, असा नवख्या माणसाचा समज होतो. त्यात त्याचा दोष नाही. ज्या गोष्टीवरून हे नाव पडले ती साठ वर्षांपूर्वीच रस्त्यावरून गेली.

टी.टी. म्हणजे ट्राम टर्मिनस. मुंबईची शेवटची ट्राम ३१ मार्च १९६४ च्या रात्री बोरीबंदरहून निघाली आणि दादरला येऊन थांबली. त्या प्रवासाला गाडी खच्चून भरली होती.

ट्राम दादरपर्यंत का आली, याचे मूळ प्लेगमध्ये आहे. १८९६ साली मुंबईत साथ आली आणि दाटीवाटीच्या जुन्या वस्त्या सरकारच्या डोळ्यांवर आल्या. १८९८ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. शहराच्या उत्तर टोकाला दादर-माटुंगा-शीवच्या मोकळ्या जमिनी त्याने ताब्यात घेतल्या, सरळ रस्ते आखले आणि भूखंड पाडले. घरे मात्र लगोलग उभी राहिली नाहीत. खरी वस्ती झाली ती पहिल्या महायुद्धानंतर. पारशी कॉलनी मंचरजी जोशी यांच्या पाठपुराव्यातून उभी राहिली; पाच बागांना, म्हणजे फाइव्ह गार्डन्सना, आज त्यांचेच नाव आहे. शेजारच्या हिंदू कॉलनीत रस्त्यांना नावे देण्यापेक्षा गल्ल्यांना नंबर देणे लोकांना सोयीचे वाटले. या नंबरांच्या गल्ल्यांतच डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३० च्या दशकात ‘राजगृह’ बांधले, आपल्या ग्रंथांना पुरेल एवढे मोठे.

गिरगावातल्या चाळीची खोली सोडून इथल्या ‘ब्लॉक’मध्ये राहायला आलेला माणूस कारकून, मास्तर किंवा बँकेतला होता. घरात स्वतंत्र मोरी आणि संडास आला, पण कचेरी फोर्टातच राहिली. मुंबईत ट्राम धावू लागली होती १८७४ च्या मे महिन्यात, घोड्यांनी ओढलेली. १९०७ मध्ये ती विजेवर आली. नवे उपनगर आणि जुनी पेढी यांना तिने जोडले. हो, उपनगरच. आज दादर शहरात मोडते आणि उपनगर वांद्र्यापासून सुरू होते, पण त्या काळी लोक इथे ‘मुंबईबाहेर’ राहायला येत.

ट्राम संपली तरी नाव उरले. याला सगळे जण जुन्या आठवणींचा गोडवा म्हणतात. मला ते पटत नाही. मुंबईकर इतका हळवा नाही. निरुपयोगी नाव तो फार दिवस वापरत नाही. टी.टी. टिकले कारण त्याला जोडीदार होता. पलीकडच्या बाजूला बी.बी.सी.आय. रेल्वे होती, म्हणून ती बाजू बी.बी. झाली. एकच नाव असलेल्या दोन गावांसारखी ही दोन दादरे, मध्ये रुळांचा पसारा आणि वरून टिळक पूल. कुठल्या दादरला भेटायचे ते सांगायला दोन अक्षरे पुरत. १९५१ मध्ये बी.बी.सी.आय. पश्चिम रेल्वेत विलीन झाली, पण तोवर ही सोय अंगवळणी पडली होती. टी.टी.च्या चौकाचे नाव खोदादाद सर्कल. ते नावही काही वाईट नाही, पण त्यावरून कुठली बाजू ते कळत नाही.

गंमत अशी की ट्राम चालवणाऱ्या खुद्द ‘बेस्ट’ला ट्राम सोडावी लागली. त्या नावातला टी मूळचा ‘ट्रामवेज’चा. ऑगस्ट १९४७ मध्ये कंपनी महापालिकेकडे आली आणि तोच टी ‘ट्रान्सपोर्ट’चा झाला. कचेरीने अक्षर ठेवून अर्थ बदलला, दादरकराने अर्थ आणि अक्षर दोन्ही जसेच्या तसे ठेवले.

याच परिसरात आणखी एक भूत आहे. पुण्याच्या गाड्या जिथून सुटतात तो एस.टी.चा थांबा म्हणजे ‘एशियाड’. १९८२ च्या दिल्लीतल्या आशियाई खेळांवरून निमआराम गाड्यांना हे नाव पडले आणि गाड्यांवरून थांब्याला. खेळ दिल्लीला झाले, नाव दादरला राहिले. पुढे गाड्यांचे ‘हिरकणी’ झाले, शिवनेरी आल्या, तरी टॅक्सीवाल्याला ‘एशियाड’ एवढेच सांगितले की पुरते.

महापालिका चौकाचौकांत नामफलक लावते, त्यावर थोरांची नावे कोरते, तेही हवेच. पण टी.टी.च्या चौकात कुठेतरी एक साधी पाटी लावायला काय हरकत आहे? ‘येथे ३१ मार्च १९६४ पर्यंत ट्रामचा शेवटचा थांबा होता’, एवढा मजकूर पुरे. उद्घाटनाला मंत्री बोलावला नाही तरी चालेल.