ऑर्गनवादिनी मेरी आणि तिचे प्रेक्षक

अमेरिकेतील युटा राज्यात, सॉल्ट लेक सिटी या शहराजवळ, खाऱ्या पाण्याचे एक विस्तीर्ण सरोवर आहे. त्याच्या काठी १८९३ साली सॉल्टेअर नावाचे एक भव्य विहारस्थान उभारण्यात आले. मोठमोठे घुमट, कमानी आणि नृत्यासाठी प्रशस्त दालन असा त्याचा थाट होता. १९२५ साली ते आगीत भस्मसात झाले व पुन्हा बांधले गेले. परंतु पुढे सरोवराचे पाणी मागे हटले, लोकांची वर्दळ आटली आणि १९५८ नंतर ते ओसाड पडले. त्यानंतर दोनतीन वर्षांनी कॅलिफोर्नियाहून कॅन्ससकडे मोटारीने परतणाऱ्या एका गृहस्थांच्या दृष्टीस मावळतीच्या उजेडात हे ओस घुमट पडले. श्रोतेहो, ज्या चित्रपटाविषयी आज बोलावयाचे आहे, त्याचा जन्म त्या दर्शनातून झाला.

त्या गृहस्थांचे नाव हर्क हार्वे. कॅन्ससमधील लॉरेन्स या गावी सेंट्रॉन नावाची एक चित्रसंस्था होती. शाळांसाठी सद्वर्तनाचे धडे देणारे आणि कारखान्यांसाठी सुरक्षिततेचे नियम शिकविणारे लघुपट ती तयार करीत असे. हार्वे हे तेथील दिग्दर्शक. त्यांनी जॉन क्लिफर्ड या आपल्या सहकाऱ्याकडून कथा लिहवून घेतली, रजा काढली आणि १९६१ साली सुमारे तीन आठवड्यांत, तेहतीस हजार डॉलरांच्या आसपास खर्चात, एक कृष्णधवल चित्रपट पुरा केला. ‘कार्निव्हल ऑफ सोल्स’, म्हणजे आत्म्यांची जत्रा, असे त्याचे नाव. हार्वे यांनी आयुष्यात दिग्दर्शित केलेला कथाचित्रपट हा एवढाच.

कथा थोडक्यात सांगता येते. मेरी हेन्री नावाची तरुणी मैत्रिणींसह मोटारीतून जात असता शर्यतीच्या नादात मोटार पुलावरून नदीत कोसळते. तीन तास शोध चालतो; मोटार सापडत नाही; आणि अचानक मेरी एकटीच, चिखलाने माखलेली, पाण्याबाहेर येते. ती व्यवसायाने ऑर्गनवादिनी आहे. युटातील एका चर्चमध्ये तिला नोकरी मिळालेली असते, तेथे ती निघून जाते. वाटेत व पुढेही पांढराफटक चेहरा असलेला एक पुरुष तिला वारंवार दिसतो. (ही भूमिका स्वतः हार्वे यांनीच केली आहे.) सरोवराकाठचे ओसाड विहारस्थान तिला ओढू लागते. अखेर वाळूत तिची पावले एका जागी संपतात, आणि इकडे कॅन्ससमध्ये नदीतून वर काढलेल्या मोटारीत मैत्रिणींसोबत तिचेही प्रेत आढळते.

१९६२ च्या सप्टेंबरमध्ये लॉरेन्स येथे पहिला खेळ झाला. नंतर वितरकाने काही मिनिटांची काटछाट करून हा चित्रपट दुसऱ्या एका भयपटाच्या जोडीने उघड्या मैदानातील चित्रगृहांत लावला. मोटारीतच बसून चित्रपट पाहण्याची ती अमेरिकन पद्धत. प्रेक्षक जोडप्याजोडप्याने किंवा मित्रांच्या टोळक्याने येत. खाणे, गप्पा, थट्टामस्करी चाले, आणि पडद्यावर अधूनमधून दचकावयास लावणारे काही आले म्हणजे पैसे वसूल झाले, असा हिशेब असे. शिवाय इंग्लंडमधील हॅमर कंपनीने १९५७ पासून रंगीत भयपटांत लालभडक रक्त दाखविण्याचा पायंडा पाडला होता. अशा प्रेक्षकांपुढे ही बाई आली, जी बहुतेक वेळ नुसती चालते, पाहते आणि थांबते. चित्रपट पडला. वितरक संस्था बुडाली. निर्मात्यांच्या हाती काही आले नाही.

ज्यांना चित्रपट आवडला नाही त्यांचे आक्षेप उडवून लावण्याजोगे नाहीत. काही ठिकाणी ओठांची हालचाल आणि शब्द यांचा मेळ बसत नाही. कँडेस हिलिगॉस ही नायिका सोडली तर बरेचसे नट हौशी वाटतात. मध्यंतरी एक डॉक्टर येऊन मेरीची समजूत घालतात, तो भाग पाठ म्हटल्यासारखा आहे. आणि रहस्य म्हणावे तर ते जाणत्या प्रेक्षकाला पहिल्या दहा मिनिटांतच उमगते. अँब्रोझ बिअर्स या अमेरिकन लेखकाने १८९० मध्येच पुलावर फाशी जाणाऱ्या माणसाची याच वळणाची कथा लिहिली होती. ल्यूसिल फ्लेचर यांची ‘द हिच-हायकर’ ही श्रुतिका १९४१ मध्ये अमेरिकन रेडिओवर गाजली, आणि १९६० मध्ये तिचे दूरचित्रवाणीवर रूपांतरही झाले होते. मृत्यू झाल्याचे ठाऊक नसलेला प्रवासी हा विषय म्हणजे काही नवलाई नव्हे.

मग दुसऱ्या बाजूचे लोक कोठून आले? चित्रपटाच्या प्रतींवर मालकी हक्काची सूचना छापावयाची राहून गेली होती. त्या काळच्या अमेरिकन कायद्याप्रमाणे त्यामुळे हक्कच गेला. परिणामी निर्मात्यांना काहीही न देता तो कोणालाही दाखविता येऊ लागला, आणि गावोगावच्या दूरचित्रवाणी केंद्रांनी रात्री उशिरा, जाहिरातींच्या मधोमध, तो वर्षानुवर्षे दाखविला. निर्मात्यांचे नुकसान झाले हे उघड आहे. पण चित्रपटाला त्याचा खरा प्रेक्षक याच गफलतीने मिळवून दिला, असे माझे मत आहे. घर निजलेले, दिवे मालवलेले, आणि झोप न येणारा एखादाच मनुष्य करड्या प्रकाशासमोर बसलेला. मैदानात टोळक्याने हसलेला आणि रात्री घरी एकटा बसलेला, दोघांनी तोच चित्रपट पाहिला. परंतु दुसऱ्याला मेरीची अवस्था समजावून सांगण्याची गरज नव्हती.

या दृष्टीने त्यातील एक प्रसंग पाहावा. मेरी एका मोठ्या दुकानात कपडे खरेदी करावयास जाते. वस्त्र बदलून बाहेर येते तो जगातील सर्व आवाज बंद. विक्रेती तिच्याकडे पाहत नाही, तिचे बोलणे कोणाला ऐकू जात नाही. रस्त्यावर माणसे शेजारून जातात, पण ती कोणाच्या खिजगणतीत नाही. बागेत एका झाडाला हात लावल्यावर पक्ष्याचा आवाज येतो आणि जग पुन्हा बोलू लागते. येथे भूत नाही, सुरा नाही, अंधारही नाही. भर दुपार आहे. हार्वे यांचा हात शालेय लघुपटांवर बसलेला होता, म्हणून त्यांचे छायाचित्रण स्वच्छ, सरळ आणि काहीसे रुक्ष आहे. आम्हां शिक्षकांना असल्या लघुपटांची रीत चांगली ठाऊक असते. तीच रीत येथे भीतीला उपकारक ठरली आहे. बर्गमन यांचे रूप आणि कॉक्तो यांचे वातावरण आपल्या चित्रपटाला यावे, अशी हार्वे यांची इच्छा होती. मला मात्र त्यातील सर्वांत अस्सल भाग सेंट्रॉनच्या तालमीतून आलेला दिसतो.

चाहत्यांमध्येही एका प्रश्नावर दोन तट आहेत. मेरी एकाकी आहे ती मेलेली आहे म्हणून, की ती आधीपासूनच तशी होती? पहिला पक्ष म्हणतो, शेवटच्या दृश्याने सर्व उलगडा झाला. मला दुसऱ्या पक्षाचे म्हणणे पटते, आणि त्याचे कारण ऑर्गनमध्ये आहे. मराठी माणसाला ऑर्गन म्हटले की संगीत नाटकातील पायपेटी आठवते. चर्चमधील मोठा ऑर्गन वेगळा: शेकडो नळ्यांतून वारा सोडून तो वाजवितात, आणि त्याचा सूर इमारतीच्या दगडातून आल्यासारखा वाटतो. जीन मूर यांनी या चित्रपटाला दिलेले संगीतही केवळ ऑर्गनचे आहे. आरंभी, ऑर्गन बनविण्याच्या कारखान्यात, तेथील मनुष्य मेरीला सुचवितो की वाजविताना थोडा जीवही ओतावा. ती त्याला सांगते की आपण काही व्रत घेत नसून ही एक नोकरी आहे. चर्चमध्ये वाजविणाऱ्याची जागा मोठी विचित्र असते. मंडळी वेदीकडे तोंड करून एकत्र बसलेली. वादक बहुधा माळ्यावर किंवा बाजूस, सर्वांच्या गायनाला आधार देणारा, पण त्यांच्यात न बसलेला. अंतःकरण त्यांच्याबरोबर असेल तर हे अंतर जाणवत नाही. मेरीचे नसते. शेजारच्या खोलीतील पुरुषाची सलगी तिला नको असते, आणि तो गेला की एकटेपणही सोसवत नाही. हे सारे मृत्यूमुळे ओढवले असे मानण्यास चित्रपटात पुरेसा आधार नाही; पुलावरून पडण्यापूर्वीची मेरी आपण क्षणभरच पाहतो, आणि तेथेही मैत्रिणींच्या मध्ये बसलेली ती अलिप्तच दिसते.

एके दिवशी सराव करता करता तिच्या बोटांतून भलतेच, अमंगळ सूर निघू लागतात. पाळक धावत येऊन तिचे हात धरतात, हा पवित्र स्थानाचा उपमर्द आहे असे बजावतात आणि तिला नोकरी सोडावयास सांगतात. चर्चचे साह्य मात्र नाकारू नकोस, असेही म्हणतात. येथेही प्रेक्षक दुभंगतात. काहींना पाळक निष्ठुर वाटतात. उपासनेची बूज राखणे हे त्यांचे कर्तव्यच होते, हे मी नाकारीत नाही. परंतु तिला खरोखर भीती कशाची वाटते, हे विचारण्यास त्यांच्यापाशी अर्धी घटकादेखील नव्हती, आणि हात धरलेले असताना ती काय पाहत होती हे त्यांना शेवटपर्यंत कळत नाही.

१९६८ साली ‘नाईट ऑफ द लिव्हिंग डेड’ काढणाऱ्या जॉर्ज रोमेरो यांनी या चित्रपटाचे ऋण मान्य केले आहे. (योगायोग असा की त्यांच्या चित्रपटाचा मालकी हक्कही अशाच चुकीने गेला.) १९८९ साली हार्वे यांचा चित्रपट अमेरिकेतील निवडक चित्रगृहांत पुन्हा आला, आणि ज्याची सत्तावीस वर्षांपूर्वी कोणी दखल घेतली नव्हती, त्याच्यावर नामांकित समीक्षकांनी आदराने लिहिले. १९९८ मध्ये त्याच नावाने रंगीत आवृत्ती निघाली, ती कोणालाच रुचली नाही. हार्वे १९९६ मध्ये निवर्तले, त्यापूर्वी हा मान त्यांना पाहावयास मिळाला होता. सॉल्टेअरची ती इमारत मात्र १९७० मध्ये पुन्हा आगीत जळून गेली. तिचे घुमट आणि रिकामे नृत्यदालन आता या चित्रपटातच पाहावयास मिळते.