कोल्हापुरातली घराची पारख

कोल्हापुरात जुने घर घेताना कागद आणि घर यांची पारख वेगवेगळ्या माणसांकडे असे. सिटी सर्व्हेचा उतारा, खरेदीखत, चतुःसीमा हे वकिलाचे काम; भिंती आणि छप्पर पाहणार गवंडी व सुतार. त्यांचा अहवाल तोंडीच असे.

जुन्या पेठांतल्या घरांचे जोते काळ्या दगडाचे, वर मातीच्या किंवा विटांच्या भिंती आणि आत लाकडी सांगाडा. अशा घराचे दुखणे बहुधा दोन ठिकाणी निघते: गळक्या पन्हळीखाली आणि तुळईच्या भिंतीत गाडलेल्या टोकाशी. तुळई मधोमध कितीही चकचकीत असो, जाणता सुतार हातोडी मारतो ती टोकाजवळ. खणखणीत आवाज आला तर लाकूड धड. बद्द आला की आत वाळवी नाहीतर कूज. मग पटाशीचे टोक रोवून ते किती खोल जाते, ते पाहायचे.

सिमेंट-काँक्रीट आले आणि कानाची ही विद्या तोकडी पडली. काँक्रीटच्या पोटातली सळई गंजून फुगते, तेव्हा कुठे स्लॅबचे पोपडे सुटतात. तोवर वरून सारे ठीक दिसते. १९७२ मध्ये कोल्हापूर महापालिका झाली. महापालिका कायद्यात धोकादायक इमारतीला नोटीस देण्याची तरतूद होतीच. पुढे ३० वर्षांहून जुन्या इमारतींना स्ट्रक्चरल ऑडिटही बंधनकारक झाले. तोंडी अहवाल अशा रीतीने कागदावर उतरला.

या कागदावर खरेदीदाराची नजर अडते ती वर्गाच्या अक्षरावर. सी-१ म्हणजे रिकामी करून पाडायची इमारत, सी-२-अ रिकामी करून दुरुस्त करायची, सी-२-ब रिकामी न करता दुरुस्त करायची आणि सी-३ किरकोळ डागडुजीची. खरी माहिती मात्र मागच्या तक्त्यांत असते. ध्वनिलहरी काँक्रीटमधून सेकंदाला साडेतीन किलोमीटरहून वेगाने गेल्या तर काँक्रीट चांगले. तीनच्या खाली असल्यास शंकास्पद. ताज्या तोडलेल्या भागावर फिनॉल्फ्थॅलिन टाकल्यावर तो गुलाबी झाला तर सळईभोवतीचे संरक्षण शाबूत. रंग आला नाही तर ते गेले. पण या चाचण्या कोणत्या खांबांवर घेतल्या, हेही वाचावे लागते. चार चांगल्या खांबांवरून अख्खी इमारत चांगली ठरत नाही.

पुराचा धोका मात्र या तक्त्यांत दिसत नाही. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोका पातळी ४३ फूट आहे. २०१९ मध्ये पाणी ५५ फुटांवर गेले, २०२१ मध्ये ५६ फुटांवर. २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी रेषा आणि १०० वर्षांतून एकदा येणाऱ्याची लाल रेषा वेगळ्या नकाशावर असतात. घरात पुराची खूण शोधायची तर नव्या रंगाखालून फुटणारे पांढरे क्षार पाहावेत. जमिनीतली ओल खालून वर विरत जाते. पुराची ओल भिंतीवर बहुधा सरळ आडवी रेघ सोडते, आणि ती सगळ्या खोल्यांत एकाच उंचीवर असते.